पुसण्याचा अधिकार

वॉशिंग मशीन बंद पडलं, ते काही प्रूफकाकांचा छळ करावा म्हणून नव्हे. यंत्राला तेवढी अक्कल असती तर ते काकू असतानाच बंद पडलं असतं आणि काकूंनी दोन शब्द सुनावून त्याला पुन्हा कामाला लावलं असतं. पण ते पडलं काका एकटे घरी असताना, पोटात काकांचे सगळे बरे शर्ट आणि बादलीभर पाणी घेऊन, आणि दार काही केल्या उघडेना. काका बनियनवर त्याच्यापुढे स्टूल घेऊन बसले. जरा वेळ त्यांनी त्याच्याशी सामोपचाराने घेऊन पाहिलं, मग त्याच्या कपाळावर चिकटवलेला कंपनीचा नंबर फिरवला. पुढे जे रामायण घडलं, म्हणजे सुनावणी, वर्तमानपत्रात फोटो, चक्क कायद्यात दुरुस्ती, त्या सगळ्याला कारण हे एवढंच.

प्रूफकाका हे नाव अर्थातच त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. सरकारी छापखान्यात त्यांनी जन्मभर प्रुफं तपासली आणि निवृत्त झाल्यावर तपासायला दुसरं काही नाही म्हणून सोसायटीच्या नोटिसा तपासायला घेतल्या. जिन्यातल्या फळ्यावर ‘उद्या पाणि येणार नाही’ असं लागलं, की आधी खिशातलं लाल पेन काढून ‘पाणि’चं ‘पाणी’ करायचं आणि मगच पाणी येणार नसल्याची काळजी करायची, असा त्यांचा क्रम. चेअरमन त्यांना एवढे वचकून असत की अलीकडे ते शक्यतो नोटीस लावतच नसत, घरोघर जाऊन तोंडी सांगत.

तर फोन. बरीच बटणं दाबून झाल्यावर आणि ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे पुन्हापुन्हा ऐकून झाल्यावर (वाक्यात चूक नव्हती, काकांनी पडताळून पाहिलं) एक सर्दी झालेली मुलगी फोनवर आली.

“सर, हे मशीन मॅडमच्या नावावर दिसतंय. मॅडमशी बोलू शकते का?”

“नाही. त्या गेल्या.”

“ओके सर. कधीपर्यंत येतील?”

प्रश्न साधाच होता. काकूंना जाऊन वर्ष व्हायला आलं होतं आणि या काळात हा प्रश्न काकांना कोणी विचारला नव्हता.

“येणार नाहीत,” काका म्हणाले. “वारल्या.”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. तो सर्दीचा होता, पण काकांना बरं वाटलं. “सॉरी सर,” मुलगी म्हणाली. “मी फक्त जुनी तक्रार बघत होते. मागे मॅडमनी स्वतः फोन केला होता ना? त्यांचा कॉल आहे आमच्याकडे.”

“आहे म्हणजे?”

“रेकॉर्ड आहे सर. सेवेचा दर्जा सुधारण्यासाठी आम्ही सगळे कॉल रेकॉर्ड करतो. चांगला मोठा कॉल आहे. बऱ्याच बोलल्यात मॅडम.”

काका स्टुलावर बसलेलेच होते म्हणून बरं.

काकूंचे फोटो घरात पोत्यानं होते. आवाज मात्र कुठेच नव्हता. त्यांच्या लेकीनं कौतुकानं मोबाइल समोर धरला रे धरला की काकू तोंडावर पदर घेत नाहीतर सरळ उठून आत जात. “मला पुसलंस का आधी?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि तेसुद्धा मोबाइल खाली ठेवल्याची खात्री करून घेऊन मग म्हटलेलं. माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय घेऊ नये असा कायदा जगात व्हायच्या कितीतरी आधी तो काकांच्या घरात लागू होता आणि त्याची अंमलबजावणी अत्यंत कडक होती.

आता हे ‘पुसणं’. काकू ‘विचारणं’ हा शब्द वापरतच नसत. त्यांच्या माहेरी सगळे पुसत. भाजीवाल्याला भाव पुसायचा, शेजारणीला तब्येत पुसायची, नवऱ्याला चहा हवा का पुसायचं. लग्न झाल्याझाल्याच काकांच्या आतला छापखाना यावर जागा झाला. “अगं, विचारणं म्हण. पुसतात ते टेबल.” त्यावर काकू म्हणाल्या होत्या, “बरं, टेबलाला पुसून बघते. बघू काय म्हणतंय.” ही दुरुस्ती काकांनी संसारभर सुचवली आणि काकूंनी ती संसारभर फेटाळली. त्यात भांडण कधी नव्हतं, गंमतच होती. पण प्रूफ काही शेवटपर्यंत दुरुस्त झालं नाही.

“मला तो कॉल ऐकायचा आहे,” काका फोनवर म्हणाले. आपला आवाज जरा जास्तच मोठा झाला असं त्यांना वाटलं.

“सर, ती ग्राहकाची वैयक्तिक माहिती आहे. ग्राहकालाच देता येते.”

“ग्राहक माझी बायको आहे.”

“हो सर. त्यांना अर्ज करायला सांगा.” एवढं बोलल्यावर तिच्याच लक्षात आलं आणि ती पुन्हा सॉरी म्हणाली. मग ‘मशीनसाठी माणूस पाठवते’ म्हणून तिनं फोन ठेवला. माणूस आला, दार उघडलं, शर्ट बाहेर आले. एका निळ्या शर्टाचा रंग बाकीच्या सगळ्या शर्टांना लागला होता. त्यावर काका एरवी आठवडाभर कुरकुरले असते. पण त्यांचं लक्षच नव्हतं.

रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी लेकीला फोन लावला. ती परगावी असते.

“बाबा, कशाला त्या भानगडीत पडता?” ती म्हणाली. “आईला अजिबात आवडलं नसतं. आणि मला तर तिचा आवाज स्वच्छ आठवतो.”

“मलाही आठवायचा,” काका म्हणाले. “परवा सकाळी आठवून पाहिला, तर मजकूर आला आणि आवाज तुझा आला. शब्द सगळे आहेत गं माझ्याकडे, तिचा शब्द न् शब्द आहे. आवाजच निसटत चाललाय.”

लेक म्हणाली, “बरं. बघा काय होतंय ते. पण शेजाऱ्यांना सांगू नका.”

शेजाऱ्यांना सांगायची गरजच पडली नाही, ते आपसूक आले. चेअरमन आले, त्यांच्या मागोमाग वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब आले. वकीलसाहेबांना कोर्टात उभं राहिलेलं कोणी पाहिलेलं नसलं, तरी सोसायटीत ते बसूनसुद्धा उभं राहिल्यासारखेच बोलत.

“ही शुद्ध अडवणूक आहे,” चेअरमन म्हणाले. त्यांना स्वतःला टकलावर केस उगवण्याच्या तेलवाल्यांचे दिवसाआड फोन येत असत. “माझ्या डोक्याची बातमी ह्या लोकांना कोणी दिली, सांगा बघू! मी फोनवर बोलतो तेव्हा टोपी घालतो काय अन् नाही काय, ह्यांना दिसतं थोडंच? आणि तुम्हाला गुडघ्याच्या पट्ट्यांचे फोन येतात की नाही?”

येत होते. काकांचा गुडघा दुखतो हे काकू आणि डॉक्टर सोडून कोणालाही माहीत असायचं कारण नव्हतं, पण निदान अर्ध्या शहराला ते माहीत होतं. काकूंच्या मोबाइलवर तर अजूनही फोन येत. ‘मॅडम, आपल्यासाठी खास योजना.’ काकांनी तो मोबाइल बंद केला नव्हता, रोज नेमानं चार्ज करून ठेवत. म्हणजे कुणाचा गुडघा, कुणाचं टक्कल, मेलेल्या माणसाचा फोन नंबरसुद्धा बाजारात मोकळा फिरत होता. गोपनीय होता तो फक्त बायकोचा आवाज, आणि तोही फक्त नवऱ्यापासून.

“खटला भरू,” वकीलसाहेब म्हणाले.

“आधी ओटीपीनं होतंय का बघू,” चेअरमन म्हणाले. “काकूंचा मोबाइल तुमच्याकडेच आहे ना? मग काय, तुम्हीच काकू!”

काकांना हे मुळीच पटलं नाही, पण मोह झाला. कंपनीच्या वेबसाइटवर काकूंच्या नावानं अर्ज भरला. ओटीपी आला. काकूंच्या मोबाइलवर आलेला तो आकडा टाकताना, बायकोचं पत्र चोरून वाचावं तसं त्यांना झालं. पुढच्या पानावर सुरक्षेसाठी एक प्रश्न आला, काकूंनीच केव्हातरी निवडलेला. ‘लहानपणी तुम्हाला लाडाने काय म्हणत?’

चेअरमननी काकांकडे पाहिलं. वकीलसाहेबांनीही पाहिलं.

काकांना काकूंची रक्तातली साखर माहीत होती, चपलेचं माप माहीत होतं, भात किती लागतो ते माहीत होतं. लाडाचं नाव माहीत नव्हतं. त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. ‘छकुली’ घालून पाहिलं, चुकलं. लेकीला फोन केला, तिलाही ठाऊक नव्हतं. सांगू शकतील अशी काकूंच्या माहेरची माणसं तर आता उरलीच नव्हती. वकीलसाहेबांनी, सगळ्यांना हेच म्हणतात, या आधारावर ‘बाळ’ सुचवलं. तेही चुकलं. पडद्यावर लाल अक्षरात आलं की आपली ओळख पटत नाही. शेजारी निघून गेल्यावरही काका त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत बसले. इतका जुना संसार आणि ओळख पटत नाही म्हणे. आणि त्यात शुद्धलेखनाची चूक काढायलाही जागा नव्हती.

मग कंपनीच्या कचेरीत खेपा झाल्या. तिथे काचेच्या दारामागे एक टायवाले साहेब बसत. ते फार सभ्य होते आणि सभ्यपणाखेरीज त्यांच्यापाशी काहीही नव्हतं. “आमचे हात कायद्यानं बांधलेले आहेत,” ते प्रत्येक खेपेला सांगत आणि दोन्ही हात मोकळे सोडून दाखवत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माहिती मागायचा अधिकार ज्याची माहिती त्यालाच. मेलेल्या माणसाला अधिकार नसतात. आणि नवरा ही कायद्याच्या दृष्टीनं परकी व्यक्ती.

“परकी?” काका म्हणाले.

“तिऱ्हाईत, असा शब्द आहे कायद्यात,” साहेबांनी सभ्यपणे सांगितलं.

त्या दिवशी काका घरी चालत आले. रिक्षा मिळत होती, पण तिऱ्हाईत माणसानं रिक्षात बसून जायचं तरी कुठे, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं. दुखऱ्या गुडघ्यानं त्याबद्दल त्यांना पुढे चांगलंच झोडपलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात निवेदन आलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा सरकार सुधारणार होतं आणि त्यासाठी नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या होत्या. अशी निवेदनं कोणी वाचत नाही. काकांनी मात्र जन्मभर ती छापायच्या आधी वाचलेली होती, त्यामुळे सवयीनं हेही वाचलं. एक अनुस्वार जास्त होता. तो त्यांनी खोडला आणि मग ताठ बसले.

सूचना लिहायला त्यांनी जेवढी मेहनत घेतली, तेवढी काही लोक कादंबरीला घेत नाहीत. मुद्दा साधा होता. माणूस गेल्यावर त्याच्या जवळच्या माणसाला कंपनीकडे जाऊन त्याची माहिती मागता आली पाहिजे. पण शब्द! जुन्या कायद्यात माहिती मिळवण्याला ‘अभिगम’ असा शब्द होता. अभिगम कुठे मिळतो, किराणा दुकानात की औषधाच्या, हे कोणाही शहाण्या माणसाला सांगता आलं नसतं. “कायदा लोकांच्या भाषेत हवा,” काका म्हणाले. लेकीनं फोनवरून सुचवलं, “मग ‘विचारण्याचा अधिकार’ लिहा की सरळ.” काकांनी लिहिलं. वाचून पाहिलं. आणि त्यांना वाटलं, हा शब्द बरोबर आहे, पण ज्या बाईसाठी हे सगळं चाललंय तिनं तो उभ्या जन्मात उच्चारला नाही. सरकारी कागदावर का होईना, एकदा तिचा शब्द छापून येऊ दे. ज्या शब्दावरून आपण तिला कायम टोकलं, त्याला एकदा कायद्याचा मान मिळू दे.

त्यांनी ‘विचारण्याचा’ खोडलं. वर लाल पेनानं लिहिलं, ‘पुसण्याचा’. हे करताना त्यांचे डोळे भरून आले. त्यामुळे पुढची ओळ त्यांना दुसऱ्या दिवशी लिहावी लागली.

वकीलसाहेबांनी मसुदा वाचून भुवया वर केल्या. “पुसण्याचा? पुसणं म्हणजे फडकं मारणं हो.”

“वकीलसाहेब,” काका म्हणाले, आणि छापखान्यातले सगळे कंपोझिटर ज्या स्वराला घाबरत तो स्वर त्यांनी लावला, “‘विचारपूस’ शब्द ऐकलाय? म्हातारपणी मला कोणी पुसत नाही असं आपण म्हणतो, तेव्हा कोणी फडकं घेऊन येत नाही ही तक्रार असते का? मराठीत पुसणं म्हणजे विचारणं. शंभर नंबरी मराठी आहे.”

वकीलसाहेब भाषेच्या कोर्टातही फारसे उभे राहत नसत. चेअरमननी तर सोसायटीतर्फे पाठिंब्याची सही दिली आणि सहीखालचं आपलं पद चुकवलं. काकांनी ते दुरुस्त करून दिलं.

सुनावणीला एक लांबलचक टेबल होतं आणि त्यामागे समिती बसली होती. बँकांची माणसं येऊन बोलून गेली, विम्याची गेली, कोणाकोणाचे वकील इंग्रजीत बोलून गेले. समितीतला एकजण सरळ डुलक्या घेत होता. मग काकांचं नाव पुकारलं गेलं. काकांनी टाचण आणलं होतं, ते चष्म्याबरोबर घरी राहिलं होतं. त्यामुळे ते नुसतेच बोलले.

“माझी बायको गेली. तिच्याविषयीचं काही एका कंपनीकडे आहे. जगात कोणालाही माझ्या घरातली काहीही माहिती मिळते, आणि मी माझ्या माणसाची माहिती पुसायला गेलो तर मला तिऱ्हाईत म्हणतात. हा शब्द फार लागतो हो माणसाला. गेलेल्या माणसाची माहिती त्याच्या घरच्यांना पुसता आली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.”

डुलक्या घेणारा जागा झाला. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. (हे पुसणं फडक्याचं होतं.) त्या म्हणाल्या, “इतकी माणुसकीची सूचना आज दुसरी आली नाही. तुमच्या भावना आम्हाला पोचल्या.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका बाहेर आले ते तरंगतच. छापखान्यात इतकी वर्षं घालवून त्यांच्यासाठी टाळी कधी वाजली नव्हती. प्रूफवाल्याचं काम चांगलं झालं तर ते कोणाला दिसत नाही, आणि चुकलं तर मात्र सगळ्या गावाला दिसतं.

काही महिन्यांनी समितीकडून सौजन्य म्हणून कायद्याचा सुधारित मसुदा घरी आला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘आपला अभिप्राय कळवावा.’ काकूंच्या फोटोसमोर टेबल ओढून काका मसुदा घेऊन बसले. आता प्रूफ तपासणाऱ्या माणसाची एक गोष्ट बाहेरच्यांना ठाऊक नसते. तो मजकूर वाचत नाही, अक्षरं वाचतो. मजकुरात गुंतला तर चूक निसटते. म्हणून मोठमोठ्या ग्रंथांची प्रुफं तपासलेल्या माणसाला त्या ग्रंथात काय आहे ते विचारू नये. त्याला फक्त इतकंच सांगता येतं की वेलांट्या ठीक होत्या.

मसुद्यात ‘पुसण्याचा अधिकार’ हे कलम पाहून काकांनी आधी ते फोटोला वाचून दाखवलं. “बघ,” ते म्हणाले, “छापून आलं तुझं.” मग लाल पेन उघडून ते कामाला लागले. व्याख्यांच्या पानावर त्यांना एक चूक सापडली. तिथे लिहिलं होतं, ‘पुसणे म्हणजे माहिती कायमची नाहिशी करणे.’ ‘नाहिशी’. ह्रस्व! काकांनी चुकचुकत ती वेलांटी दीर्घ केली, ‘नाहीशी’ केलं, समासात खूण केली आणि पुढच्या ओळीवर गेले. शेवटी स्वच्छ अक्षरात त्यांनी लिहिलं, ‘मसुदा निर्दोष आहे.’ खाली सही केली, झेरॉक्स समितीला धाडली आणि मूळ प्रत स्वतःजवळ ठेवली.

कायदा झाला. वर्तमानपत्रात काकांचा फोटो आला. चेअरमननी जिन्यात अभिनंदनाची नोटीस लावली. त्यात दोन चुका होत्या, पण काकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच लाल पेन खिशातच ठेवलं. आणि कायदा लागू झाला त्याच सकाळी त्यांनी कंपनीला अर्ज पाठवला. नव्या कलमाचा आकडा घालून, ठसठशीत अक्षरात. ‘माझ्या दिवंगत पत्नीची आपल्याकडे असलेली सर्व माहिती, विशेषतः तिच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण, मी या अर्जान्वये पुसत आहे.’

ज्या कंपनीनं वर्षभर हात बांधलेले असल्याचं सांगितलं होतं, तिचे हात त्या दिवशी फारच चपळ निघाले. दुपारी काकूंचा मोबाइल वाजला. संदेश होता. काकांनी चष्मा लावला.

‘प्रिय ग्राहक, आपल्या विनंतीनुसार आपली सर्व माहिती, आवाजासह, कायमची पुसण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?’

काकांनी तो आधी अक्षरांसाठी वाचला. अक्षरं बिनचूक होती. मग त्यांनी तो मजकुरासाठी वाचला.

ते उठले, मसुदा काढला, व्याख्यांचं पान काढलं. तिथे त्यांच्याच हातची ती लाल वेलांटी होती, सुरेख, दीर्घ.

वकीलसाहेबांना आवाज ऐकू गेला म्हणे. तो कसला होता ते त्यांना सांगता येईना. खुर्ची पडल्यासारखा होता, ते म्हणाले, आणि मग माणूस पडल्यासारखा. ते चेअरमनना घेऊन धावत खाली आले तेव्हा दार उघडंच होतं आणि काका जमिनीवर बसून होते. त्यांनी पान पुढे केलं. वकीलसाहेबांनी ते वाचलं. ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क होता. इतकी वर्षं कोणाहीपुढे न जिंकलेला तो माणूस आज जिंकला होता. पण ते काकांशेजारी फरशीवर बसले आणि त्यांनी काकांचा हात हातात घेतला. चेअरमन चहा करायला स्वयंपाकघरात गेले आणि साखर कुठे असते ते विचारायचा धीर न होऊन तसाच बिनसाखरेचा चहा घेऊन आले.

“माझ्या हातानं गेला हो तिचा आवाज,” काका म्हणाले. “तिचाच शब्द वापरून.” आणि म्हातारा माणूस रडतो तसे ते रडले, तोंड न झाकता.

संध्याकाळी शेजारी गेल्यावर काकांनी कंपनीचा नंबर फिरवला. का फिरवला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बटणं दाबली, आपला कॉल महत्त्वाचा असल्याचं ऐकलं, आणि नशीब म्हणा, सर्दीवालीच मुलगी आली. सर्दी तिची अजून गेली नव्हती. काकांनी ओळख सांगितल्यावर ती म्हणाली, “सर, तुमचा फोटो पाहिला आम्ही पेपरात. नव्या कायद्यातली पहिलीच विनंती तुमची, ती मलाच दिली होती. पुसून झालं सगळं. आता तुम्हाला त्रास नाही होणार.”

काकांनी तिला सांगितलं. शब्द, काकूंचं माहेर, फडकं, व्याख्या, सगळं. पलीकडे नाक ओढलं गेलं. या वेळी ते सर्दीचं नव्हतं.

“परत येणार नाही का?” काका म्हणाले.

“नाही सर. कुठेच नाही आता.” ती घुटमळली. “पण पुसायच्या आधी खात्री करायला आम्हाला एकदा पूर्ण ऐकावा लागतो. मी ऐकलाय.”

“काय बोलली ती?”

“ग्राहकाचं बोलणं बाहेर सांगता येत नाही सर,” ती सवयीनं म्हणाली. मग स्वतःशीच विचार केल्यासारखी थांबली. “पण सर, आता आमच्या नोंदीत असा ग्राहकच नाही. मग गोपनीय तरी कोणाचं राहिलं?”

सगळ्या प्रकरणात काकांना कायद्याचा एवढाच काय तो उपयोग झाला.

“मॅडम म्हणत होत्या, मशीन चालतं म्हणजे खरंच चालतं, बाथरूममधून चालत चालत दारापर्यंत येतं,” मुलगी आठवून आठवून सांगू लागली. “कपडे धुवून झाले की स्वतःच वाळत घालायला निघतं की काय, अशी भीती वाटते म्हणाल्या. मला हसू आवरेना सर. मग आमच्या माणसानं त्यांना विचारलं, दुरुस्तीला केव्हा पाठवू? तर म्हणाल्या, मी घरातच असते, पण आमचे हे असतील तेव्हाच पाठवा. ह्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण आपल्याला कोणी विचारलं नाही की ह्यांना फार वाईट वाटतं. सांगत नाहीत, पण वाटतं. म्हणून आल्यावर आधी ह्यांना विचारा, मग मशीन उघडा.”

काकांनी डोळे मिटले होते. शब्द सगळे बरोबर होते. एकच नव्हता.

“‘विचारा’ नाही,” ते हळूच म्हणाले. “‘पुसा’ म्हणाली असेल.”

“हो सर. ‘आधी ह्यांना पुसा’ असंच म्हणाल्या होत्या. मी आपलं नीट करून सांगितलं.”

“नीट तेच होतं,” काका म्हणाले. “परत एकदा म्हण गं, बाळ. ती म्हणाली तसं म्हण.”